जपानमधील भूकंप व त्यांचे परिणाम

आशिया खंडाच्या पूर्व किनाऱ्यालगत ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने कमानीसारखा पसरलेला जपानी द्वीपसमूह हा पृथ्वीवरील अत्यंत भूकंपप्रवण प्रदेशांपैकी एक होय. जगाच्या एकूण भूभागापैकी जेमतेम पाव टक्का भूमी या देशाच्या वाट्यास आली आहे. तथापि ६ व त्याहून अधिक महत्तेच्या भूकंपांपैकी सु. एक-पंचमांश भूकंप त्याच्या परिसरात होतात. येथील भूकंपांचा लिखित इतिहास सु. दीड हजार वर्षांचा असून इतकी दीर्घ व सलग नोंद फारच थोड्या देशांपाशी आहे. या इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे की, प्रत्येक मोठ्या भूकंपाने मनुष्यहानीचे एक निराळे कारण पुढे आणले : कधी आग, कधी समुद्राची लाट, कधी घराचे जड छप्पर, तर कधी पायाखालची वाळू. प्रत्येक वेळी त्या विशिष्ट कारणावर उपाय शोधण्यात आला, त्यासाठी कायदे व संस्था निर्माण झाल्या. परंतु पुढचा भूकंप बहुधा वेगळ्याच बाजूने आला. जपानमधील भूकंपांचा इतिहास हा अशा रीतीने केवळ भूकवचाच्या हालचालींचा इतिहास नसून एका समाजाने काय लक्षात ठेवले व काय विस्मरणात जाऊ दिले, याचाही इतिहास आहे.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी : जपानच्या परिसरात भूकवचाचे चार भूपट्ट एकमेकांशी भिडतात. पूर्वेकडील पॅसिफिक भूपट्ट दरवर्षी सु. ८ सेंमी. वेगाने पश्चिमेकडे सरकतो व जपानच्या पूर्वेस असलेल्या खोल सागरी खंदकापाशी उत्तर अमेरिकन भूपट्टाखाली जातो. दक्षिणेकडील फिलिपीन सागर भूपट्ट नान्काई नावाच्या द्रोणीपाशी यूरेशियन भूपट्टाखाली शिरतो. दोन भूपट्टांचे पृष्ठभाग परस्परांत अडकून राहतात, ताण साठत जातो व तो असह्य झाला म्हणजे वरचा भूपट्ट एकाएकी उसळून मूळ जागी येऊ पाहतो. समुद्रतळाशी घडणाऱ्या अशा भूकंपांची महत्ता ८ पेक्षा अधिक असू शकते व त्यांतून त्सुनामी (सागरी कंपलाटा) उद्‌भवतात. दुसऱ्या प्रकारचे भूकंप द्वीपांच्या अंतर्भागातील विभंगांवर होतात. त्यांची महत्ता तुलनेने कमी असली, तरी ते दाट लोकवस्तीच्या अगदी खाली व उथळ खोलीवर होत असल्याने अतिशय विध्वंसक ठरतात.

भूकंपाची महत्ता म्हणजे त्याच्या उगमापाशी मुक्त झालेल्या ऊर्जेचे माप, तर तीव्रता म्हणजे विशिष्ट ठिकाणी जाणवलेल्या हादऱ्याचे माप होय. जपानमध्ये तीव्रतेसाठी ० ते ७ अशी स्वतंत्र श्रेणी वापरात आहे. सामान्य जपानी माणूस महत्तेपेक्षा आपल्या गावातील तीव्रतेचा आकडाच प्रथम विचारतो.

प्राचीन व मध्ययुगीन नोंदी : इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या निहोन शोकी या राजवृत्तात इ. स. ४१६ मधील भूकंपाचा उल्लेख आढळतो. इ. स. ५९९ मध्ये यामातो प्रांतात घरे कोसळली, तेव्हा सर्व प्रांतांत भूकंपदेवतेची पूजा करण्याची आज्ञा देण्यात आल्याचे त्यात नमूद आहे. राज्यसंस्थेने भूकंपाला दिलेला हा पहिला ज्ञात प्रतिसाद होय. इ. स. ६८४ मधील भूकंपात शिकोकू बेटावरील तोसा प्रांताची विस्तीर्ण शेतजमीन समुद्रात बुडाली. नान्काई द्रोणीवरील भूकंपमालिकेची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते.

इ. स. ८६९ मध्ये ईशान्य होन्शूच्या किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाचे वर्णन निहोन सान्दाई जित्सुरोकू या ९०१ मधील राजवृत्तात आले आहे. तागा या किल्ल्याची तटबंदी व इमारती ढासळल्या, समुद्र गर्जना करीत मैलोगणती आत घुसला आणि सु. एक हजार लोक बुडून मेले, असा त्याचा आशय आहे. जोगान या तत्कालीन कालनामावरून हा भूकंप ओळखला जातो. या त्रोटक नोंदीला अकराशे वर्षांनंतर विलक्षण महत्त्व प्राप्त व्हावयाचे होते.

पुढील काळातील भूकंपांपैकी १५९६ मधील भूकंपात तोयोतोमी हिदेयोशी या राज्यकर्त्याचा फुशिमी येथील नवा किल्ला कोसळला. २८ ऑक्टोबर १७०७ रोजी नान्काई द्रोणीच्या जवळजवळ संपूर्ण लांबीत प्रचंड भूकंप झाला व त्यानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी फूजी पर्वताचा उद्रेक झाला. जपानी नोंदींचा उपयोग परदेशांनाही झाला आहे. जानेवारी १७०० मध्ये कोणताही हादरा जाणवला नसताना जपानच्या किनाऱ्यावर लाटा आल्याची नोंद अनेक गावांच्या दप्तरांत होती. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील महाभूकंपाची निश्चित तारीख (२६ जानेवारी १७००) संशोधकांनी याच नोंदींवरून १९९० नंतरच्या दशकात ठरविली.

एदो काळ व लोकसमजुती : भूमीखाली वास करणाऱ्या ‘नामाझू’ नामक अजस्र माशाच्या हालचालींमुळे भूकंप होतात व काशिमा येथील देवता एका शिळेने त्याचे मस्तक दाबून धरते, अशी समजूत एदो काळात (१६०३–१८६८) सर्वत्र रूढ होती. ११ नोव्हेंबर १८५५ रोजी एदो (सध्याचे टोकिओ) शहरात भूकंप होऊन सात हजारांहून अधिक लोक मरण पावले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत या माशाची शेकडो रंगीत काष्ठमुद्राचित्रे बाजारात आली. त्यांपैकी काहींत सामान्य नगरवासी माशाला बडवताना दिसतात. तर काहींत सुतार, गवंडी व छप्पर शाकारणारे कारागीर त्याचे आभार मानताना आणि साठेबाज धनिक सोन्याची नाणी ओकताना दाखविले आहेत. पुनर्बांधणीमुळे मजुरी वाढली व संपत्ती हात बदलू लागली, हे वास्तव या चित्रकारांनी अचूक टिपले होते. भूकंप सर्वांना सारखाच लुबाडतो असे नाही, ही जाणीव या चित्रांतून स्पष्टपणे व्यक्त होते.

त्याआधी एक वर्ष, २३ व २४ डिसेंबर १८५४ रोजी, अवघ्या सु. ३२ तासांच्या अंतराने तोकाई व नान्काई हे दोन महाभूकंप झाले. तहाच्या वाटाघाटींसाठी शिमोदा बंदरात आलेले ‘डायना’ हे रशियन लढाऊ जहाज लाटांनी निकामी झाले. परकीय नौकांचे आगमन व एकामागून एक आलेल्या आपत्ती यांमुळे कालनाम बदलून ‘अन्सेई’ म्हणजे शांततेची राजवट असे ठेवण्यात आले.

याच भूकंपात कीई द्वीपकल्पावरील हिरो या गावी हामागुची गोर्यो (१८२०–१८८५) या सोया-सॉसच्या व्यापाऱ्याने अंधारात चाचपडणाऱ्या गावकऱ्यांना उंचावरची वाट दिसावी, म्हणून शेतातील भाताच्या गंजी पेटवून दिल्या. ही कथा पुढे शालेय पाठ्यपुस्तकात आली व देशभर पोहोचली. तिच्यापेक्षा कमी परिचित, पण इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने नंतर स्वखर्चाने बांधलेला बांध होय. सु. ६०० मी. लांब व ५ मी. उंच अशा या बांधाच्या कामावर गावकऱ्यांनाच मजुरी देण्यात आली. त्यामुळे उद्ध्वस्त गाव सोडून जाण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मदत, रोजगार व भावी संरक्षण यांची सांगड घालणाऱ्या या कामाने १९४६ च्या त्सुनामीत गावाचा बहुतेक भाग वाचविला. १८५४ च्या या घटनेच्या जुन्या पंचांगातील तारखेवरून ५ नोव्हेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये जागतिक त्सुनामी जागृती दिन म्हणून घोषित केला.

भूकंपविज्ञानाचा उदय : १८६८ मधील मेजी राज्यक्रांतीनंतर पाश्चात्त्य अभियंते व प्राध्यापक यांना जपानमध्ये पाचारण करण्यात आले. ज्यांना स्वदेशी भूकंपाचा क्वचितच अनुभव होता, अशा या परदेशी मंडळींचे कुतूहल २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामा येथे झालेल्या मध्यम भूकंपाने जागे केले. जॉन मिल्न (१८५०–१९१३) या इंग्रज खनिकर्म अभियंत्याच्या पुढाकाराने त्याच वर्षी जपानची भूकंपविज्ञान संस्था स्थापन झाली. केवळ भूकंपांच्या अभ्यासाला वाहिलेली ही जगातील पहिली संस्था होय. मिल्न, जेम्स यूइंग व टॉमस ग्रे यांनी भूमीच्या हालचालींचा कालानुक्रमे आलेख काढणारे भूकंपलेखक तयार केले. १८८६ मध्ये सेकिया सेईकेई यांची टोकिओच्या शाही विद्यापीठात भूकंपविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली.

२८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य होन्शूतील नोबी मैदानात ८ महत्तेचा भूकंप झाला. त्यात ७,२७३ लोक मरण पावले. पाश्चात्त्य पद्धतीने बांधलेल्या विटांच्या इमारती व नागारा नदीवरील नवा लोखंडी रेल्वे पूल ढासळला. आधुनिकतेचे प्रतीक मानलेली बांधकामेच पडल्याने परकीय तंत्राचे जसेच्या तसे अनुकरण कितपत योग्य, असा प्रश्न उपस्थित झाला. नेओ खोऱ्यात जमीन फाटून एक बाजू ६ मी.पर्यंत वर उचलली गेली होती. भूवैज्ञानिक कोतो बुन्जिरो (१८५६–१९३५) यांनी तिचे निरीक्षण करून, विभंग हा भूकंपाचा परिणाम नसून त्याचे कारण होय, असे प्रतिपादन केले. त्या काळी हा विचार क्रांतिकारक होता. १८९२ मध्ये सरकारने शाही भूकंप अन्वेषण समिती नेमली. तिचे एक प्रमुख सदस्य ओमोरी फुसाकिची (१८६८–१९२३) यांनी पश्चात्-कंपांची संख्या कालांतराने कशी घटत जाते, याचा नियम १८९४ मध्ये मांडला. तो आजही उपयोगात आहे.

सान्रिकूची त्सुनामी : नोबी भूकंपामुळे सर्वांचे लक्ष इमारतींकडे वेधले गेले असतानाच १५ जून १८९६ रोजी ईशान्य होन्शूच्या सान्रिकू किनाऱ्यावर आघात झाला तो समुद्राकडून. सायंकाळी जाणवलेला हादरा सौम्य होता. बालकांच्या पारंपरिक सणाचा तो दिवस असल्याने घरोघरी मंडळी एकत्र जमली होती. चीनबरोबरच्या युद्धाहून परतलेल्या सैनिकांचे स्वागतही चालू होते. अर्ध्या तासानंतर आलेल्या लाटा काही ठिकाणी ३८ मी. उंचीपर्यंत चढल्या आणि सु. २२,००० लोक मरण पावले. हादऱ्याच्या जोरावरून लाटेचा अंदाज बांधता येत नाही, हा धडा यातून मिळाला.

वाचलेल्या कोळ्यांपैकी अनेकांनी प्रथम उंचावर घरे बांधली. परंतु होड्या, जाळी व मासे वाळविण्याच्या जागा खाली होत्या. त्यामुळे काही वर्षांतच वस्ती पुन्हा किनाऱ्याकडे सरकली. ३ मार्च १९३३ रोजी त्याच किनाऱ्यावर पुन्हा त्सुनामी येऊन सु. ३,००० लोकांचे बळी गेले. त्यानंतर गावोगावी स्मृतिशिळा उभारण्यात आल्या. आनेयोशी या वाडीतील शिळेवर, या जागेच्या खाली घरे बांधू नयेत, अशी स्पष्ट ताकीद कोरलेली आहे. वाडीने ती पाळली व २०११ मध्ये समुद्राचे पाणी शिळेच्या अलीकडेच थांबले. सर्वच गावांना हे साधले नाही. निर्वाहाचे साधन व सुरक्षितता यांतील हा ताण सान्रिकूच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसून येतो.

१९२३ चा कान्तो भूकंप : जपानच्या आधुनिक इतिहासातील सर्वांत प्राणघातक भूकंप १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांनी झाला. त्याची महत्ता ७·९ होती. मृत व बेपत्ता यांची संख्या सु. १,०५,००० इतकी होती. जुन्या ग्रंथांत आढळणारा १,४०,००० च्या आसपासचा आकडा दुहेरी मोजणीमुळे फुगलेला असल्याचे पुढील संशोधनात आढळून आले. यांपैकी सु. नव्वद टक्के लोक आगीने मरण पावले. दुपारच्या स्वयंपाकासाठी घरोघरी चुली पेटलेल्या होत्या, घरे लाकडाची होती, पाण्याचे नळ फुटले होते आणि दूरवरून जाणाऱ्या वादळामुळे वारा जोराचा होता. होन्जो भागातील लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत लोक आपले सामानसुमान घेऊन आश्रयास आले. त्या सामानाने पेट घेतला, आगीचे वावटळ उठले व त्या एकाच जागी सु. ३८,००० लोक भस्मसात झाले. टोकिओ शहराचा ४० टक्क्यांहून अधिक भाग जळाला. योकोहामा तर जवळजवळ नामशेष झाले.

या आपत्तीचे भाकीत पूर्वीच करण्यात आले होते. इमामुरा आकित्सुने (१८७०–१९४८) यांनी १९०५ मध्ये एका मासिकात लिहिलेल्या लेखात, टोकिओला पुढील पन्नास वर्षांत मोठा भूकंप होण्याचा संभव असून आगीने एक लाखाहून अधिक लोक मरतील, असा इशारा दिला होता. वृत्तपत्रांनी त्याला भडक स्वरूप देताच घबराट पसरली आणि ज्येष्ठ सहकारी ओमोरी यांनी या भाकितास शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीरपणे सांगून लोकांना शांत केले. इमामुरांना दीर्घकाळ उपहास सोसावा लागला. भूकंप झाला त्या दिवशी ओमोरी ऑस्ट्रेलियात सिडनी येथील वेधशाळेत होते व तेथील भूकंपलेखकावर त्यांनी तो उमटलेला पाहिला. मायदेशी परतल्यावर ८ नोव्हेंबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले. भीती पसरविणे व सावध करणे यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आजच्या शास्त्रज्ञांनाही सुटलेला नाही.

भूकंपाच्या पाठोपाठ जे घडले, ते निसर्गकृत नव्हते. कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत व आगी लावीत आहेत, अशा निराधार अफवा पसरल्या. पोलीस व शासकीय यंत्रणेचाही त्या पसरण्यास हातभार लागला. कोरिया तेव्हा जपानच्या अंमलाखाली होता व मजुरीसाठी आलेले अनेक कोरियन टोकिओच्या परिसरात राहत होते. ठिकठिकाणच्या ‘रक्षक’ टोळ्यांनी, तसेच सैनिक व पोलीस यांनी त्यांची कत्तल केली. चिनी मजूरही बळी पडले. मृतांच्या संख्येविषयी मतभेद असून अंदाज काही शेकड्यांपासून सहा हजारांहून अधिकपर्यंत आहेत. १६ सप्टेंबर रोजी ओसुगी साकाए हे अराज्यवादी विचारवंत, लेखिका इतो नोए व ओसुगींचा अल्पवयीन भाचा यांना लष्करी पोलिसांनी ठार केले. भूकंपाच्या भेगा समाजात आधीच असलेल्या तड्यांवरून जातात, याचे याहून दारुण उदाहरण क्वचितच सापडेल.

पुनर्रचनेचे काम गृहमंत्री गोतो शिन्पेई यांच्याकडे आले. त्यांच्या भव्य योजनेला निधीअभावी कात्री लागली. तरीही रुंद रस्ते, सुमिदा नदीवरील पूल व प्राथमिक शाळांना लागून ५२ लहान उद्याने निर्माण झाली. ही उद्याने आगीच्या वेळी आश्रयस्थान म्हणून योजिली होती. प्रत्यक्ष हानी सु. साडेपाच अब्ज येन, म्हणजे तत्कालीन केंद्रीय अर्थसंकल्पाच्या तिपटीहून अधिक होती. भूकंपग्रस्त व्यापाऱ्यांच्या हुंड्यांना दिलेली सरकारी हमी बुडीत कर्जांचे आच्छादन बनली व त्यातून १९२७ चे बँकांवरील अरिष्ट ओढवले.

वास्तुशास्त्रात मात्र या भूकंपाने नवे युग आणले. इमारतीच्या वजनाच्या ठराविक अंशाइतका आडवा जोर तिने सहन केला पाहिजे, हे सानो तोशिकाता (१८८०–१९५६) यांचे तत्त्व १९२४ मध्ये नगर-बांधकाम कायद्यात समाविष्ट झाले. त्यासाठी ०·१ हा गुणांक ठरविण्यात आला. देशपातळीवर लागू झालेल्या भूकंपरोधक बांधकामाच्या आद्य नियमांत याची गणना होते. १९२५ मध्ये टोकिओ विद्यापीठात भूकंप संशोधन संस्था स्थापन झाली. १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन म्हणून पाळला जातो.

युद्धकाळ व नंतरची नियमावली : ७ डिसेंबर १९४४ च्या तोनान्काई भूकंपात १,२०० हून अधिक, तर १३ जानेवारी १९४५ च्या मिकावा भूकंपात सु. २,३०० लोक मरण पावले. विमानांच्या कारखान्यांत राबविलेली शाळकरी मुलेही त्यांत होती. युद्धकालीन प्रसिद्धिनियंत्रणामुळे या बातम्या दडपण्यात आल्या, मदत पोहोचली नाही व राष्ट्राच्या स्मृतीतही या भूकंपांना जागा मिळाली नाही.

२८ जून १९४८ रोजी फुकुई शहरात झालेल्या भूकंपात ३,७६९ लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीव्रतेच्या श्रेणीत ७ हा सर्वोच्च अंक वाढविण्यात आला व १९५० मध्ये राष्ट्रीय इमारत मानक कायदा संमत झाला. १९६० मध्ये चिलीतील भूकंपाच्या लाटा सु. २२ तासांनी जपानला पोहोचून १४२ लोक दगावले आणि त्सुनामीच्या आंतरराष्ट्रीय इशारा-व्यवस्थेची निकड पटली. १६ जून १९६४ च्या नीगाता भूकंपात पाण्याने संपृक्त वाळू द्रवासारखी वागू लागली व काँक्रीटच्या मजबूत सदनिका न मोडता आडव्या झाल्या. मृदेचे द्रवीभवन हा विषय येथून अभ्यासकांपुढे ठळकपणे आला. पुढे १९६६ मध्ये भूकंप विम्याचा कायदा झाला. १२ जून १९७८ च्या मियागी भूकंपात २८ जण मरण पावले. त्यांपैकी बरेच जण कुंपणाच्या भिंती अंगावर पडल्याने दगावले.

या अनुभवांच्या आधारे जून १९८१ मध्ये बांधकामाचे नवे भूकंपरोधक मानक अमलात आले. मध्यम भूकंपात इमारतीची हानी होऊ नये आणि अतितीव्र भूकंपात हानी झाली, तरी ती कोसळून आतील माणसे मरू नयेत, असे या मानकाचे दुहेरी सूत्र आहे. १९८१ पूर्वीची व नंतरची घरे हा भेद तेव्हापासून जपानमध्ये जीवनमरणाचा भेद ठरला आहे.

१९९५ चा कोबे भूकंप : १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर व आवाजी बेट यांखालील विभंगावर ७·३ महत्तेचा भूकंप झाला. त्यात ६,४३४ लोक मरण पावले. या भागात मोठे भूकंप होत नाहीत, असा सार्वत्रिक समज होता. बहुसंख्य लोक जड कौलारू छपरांच्या जुन्या लाकडी घरांखाली झोपेतच चिरडले गेले. त्यांत वृद्ध व अल्प उत्पन्नाचे भाडेकरू अधिक होते. १९८१ नंतरच्या इमारती मोठ्या प्रमाणावर टिकून राहिल्या. हान्शिन उन्नत मार्गाचा सु. ६०० मी. लांबीचा भाग उलथून पडला, तेव्हा जपानी अभियांत्रिकीच्या अभेद्यतेविषयीचा विश्वास डळमळला.

ढिगाऱ्याखालून वाचलेल्यांपैकी बहुतेकांना शेजाऱ्यांनी बाहेर काढले होते. शासकीय मदत विलंबाने पोहोचली. वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तेथे आले व स्वयंसेवी संस्थांना वैधानिक स्थान देणारा कायदा १९९८ मध्ये संमत झाला. दुसरीकडे, तात्पुरत्या निवाऱ्यांत चिठ्ठ्या टाकून घरे दिल्याने जुने शेजार तुटले व अनेक वृद्ध एकाकी अवस्थेत मरण पावले. पुनर्वसन म्हणजे केवळ छप्पर नव्हे, ही गोष्ट यातून प्रकर्षाने पुढे आली.

२०११ चा महाभूकंप : ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य होन्शूसमोरील समुद्रतळाचा सु. ५०० किमी. लांबीचा पट्टा सरकला. ९·० महत्तेचा हा भूकंप जपानच्या नोंदींतील सर्वांत मोठा होय. कंपनांनी पडलेल्या इमारतींची संख्या तुलनेने मर्यादित राहिली. अतिजलद रेल्वेगाड्यांना आपोआप गतिरोध लागून प्रवासी गाड्या सुरक्षित थांबल्या. नव्वद वर्षांच्या स्थापत्यज्ञानाची ही फलश्रुती होती. परंतु त्यानंतर आलेल्या त्सुनामीने सु. १५,९०० लोकांचा बळी घेतला, सु. २,५०० बेपत्ता राहिले. त्सुनामीच्या उंचीचा पहिला अधिकृत अंदाज प्रत्यक्षाहून फार कमी होता. तारो या गावाची १० मी. उंचीची सुप्रसिद्ध सागरी भिंत लाटांनी ओलांडली. उंच भिंतीच्या भरवशावर काही जण घरीच थांबले, असेही आढळून आले. उलट, कोणाचीही वाट न पाहता ताबडतोब उंचावर पळावे, असे शिक्षण मिळालेली कामाइशी शहरातील सु. तीन हजार शाळकरी मुले जवळजवळ सर्वच्या सर्व वाचली.

फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात सु. १४-१५ मी. उंचीपर्यंत पाणी चढले. संरक्षणासाठी गृहीत धरलेली पातळी ५·७ मी. होती. आपत्कालीन विद्युत् जनित्रे बुडाली, तीन विक्रियकांतील इंधन वितळले व दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. सेन्दाई मैदानातील भातखाचरांखाली सापडलेल्या वाळूच्या थरांवरून, इ. स. ८६९ मधील जोगान त्सुनामी कित्येक किमी. आत आली होती, हे भूवैज्ञानिकांनी पूर्वीच दाखवून दिले होते. २००९ मध्ये अणुसुरक्षेसंबंधीच्या सरकारी बैठकीत तिचा विषय निघाला होता. वीज कंपनीच्या २००८ मधील अंतर्गत गणितातही १५ मी.हून अधिक उंचीची शक्यता निघाली होती. तथापि आणखी अभ्यास व्हावा, या सबबीवर निर्णय लांबणीवर पडला. संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला. अकराशे वर्षांपूर्वीच्या राजवृत्तातील काही ओळी खऱ्या होत्या. त्यांवर विश्वास ठेवण्याची किंमत मात्र जास्त वाटली होती.

यानंतर किनारासंरक्षणाच्या धोरणात मूलभूत बदल झाला. साधारण शतकातून एकदा येणाऱ्या लाटा भिंतींनी अडवाव्यात व त्याहून मोठ्या लाटांच्या वेळी भिंतीवर विसंबून न राहता स्थलांतर करावे, अशी द्विस्तरीय भूमिका स्वीकारण्यात आली. काही ठिकाणी मात्र उंच भिंतींमुळे समुद्र दिसेनासा झाला, अशी तक्रार कोळ्यांनी केली; पुनर्बांधणीला वर्षे लागल्याने तरुण पिढी शहरांकडे निघून गेली.

अलीकडील भूकंप व भावी धोका : १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात ७·६ महत्तेचा भूकंप झाला. किनारा काही ठिकाणी सु. ४ मी. वर उचलला जाऊन बंदरे कोरडी पडली, रस्ते तुटल्याने अनेक वाड्या एकाकी झाल्या. घरे पडून, दरडी कोसळून व आगीने दोनशेहून अधिक लोक मरण पावले. त्यानंतरच्या हालअपेष्टांनी दगावलेल्यांची संख्या त्याहूनही वाढली. येथील निम्म्याच्या आसपास लोकसंख्या वृद्धांची असून जुनी घरे मजबूत करण्याइतका पैसा वा उत्साह त्यांच्यापाशी उरलेला नव्हता. उत्तम संहिता ही नव्या घरांना वाचविते. जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला ती आपोआप वाचवीत नाही, ही कोबेची शिकवण येथे पुन्हा प्रत्ययास आली.

सध्या सर्वाधिक चिंता नान्काई द्रोणीविषयी आहे. १७०७, १८५४ व १९४४–४६ असा तेथील भूकंपांचा क्रम पाहता पुढील काही दशकांत तेथे महाभूकंप होण्याची शक्यता मोठी मानली जाते. सरकारच्या मार्च २०२५ मधील अंदाजानुसार अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत सु. २,९८,००० लोक दगावू शकतात. ८ ऑगस्ट २०२४ रोजी ह्यूगा सागरातील ७·१ महत्तेच्या भूकंपानंतर या द्रोणीसंबंधी विशेष दक्षतेची सूचना प्रथमच काढण्यात आली. आठवडाभराने ती मागे घेतली गेली. भूकंपाची वेळ व ठिकाण निश्चितपणे सांगण्याचे तंत्र अद्यापि उपलब्ध नाही. २००७ पासून सर्वसामान्यांसाठी सुरू असलेली पूर्वसूचना-यंत्रणा ही भाकीत करीत नाही. भूकंप सुरू झाल्यावर तीव्र तरंग येऊन पोहोचण्यापूर्वी काही सेकंद आधी ती सावध करते.

मूल्यमापन : भूकंपाने जपानी जीवनाच्या बहुतेक अंगांवर ठसा उमटविला आहे. शाळांतील नियमित कवायती, घरोघरी तयार ठेवलेल्या आपत्कालीन पिशव्या, भिंतीला जखडलेली कपाटे, नगररचना, विमा व राजकारण या सर्वांत तो दिसतो. समान महत्तेच्या भूकंपात अन्य अनेक देशांच्या तुलनेने तेथे मनुष्यहानी कमी होते, याचे श्रेय या दीर्घ साधनेला द्यावे लागते. तरीही या इतिहासातील मोठ्या हानीची कारणे तपासता असे आढळते की, धोक्याची माहिती बहुधा कोठे ना कोठे उपलब्ध होती : गावच्या शिळेवर, जुन्या राजवृत्तात, मासिकातील लेखात किंवा कंपनीच्या कागदांत. उणीव होती ती ही माहिती निर्णयात उतरविण्याची. दोन महाभूकंपांमधील अंतर शंभर ते हजार वर्षांचे असू शकते, तर मनुष्याची स्मृती दोन-तीन पिढ्यांपलीकडे सहसा टिकत नाही. हे अंतर भरून काढण्याचे काम नोंदी, शिक्षण व कायदे यांनाच करावे लागते. जपानच्या अनुभवाचे इतर भूकंपप्रवण देशांच्या दृष्टीने महत्त्व आहे ते यामुळेच.